एकच टिक

साखर पेठेत नळाला पाणी पाचव्या दिवशी,
रात्री दोनला, कधी अडीचला.
मी जागीच असते. ऑन-कॉलचा आठवडा माझा.
एका कानात मोटरची घरघर,
दुसऱ्यात बंगळूरचा प्रणव:
रांग वाढतेय, सात नंबरचा सर्व्हर, बघ जरा.
मी बघते. घागर भरत असते तोवर.

लोक विचारतात, ते ॲप तूच केलंस का गं?
नाही. हिरवं बटण, टिंग आवाज, ते दुसऱ्यांचं.
माझं ते, जे दिसत नाही.
दिसलंच कधी तर समजा बिघडलं.
आई शेजारणीला तेलुगूत सांगते,
पोस्टात आहे, पण पोस्टमन नाही.

मजकूर मला वाचता येत नाही.
कुलूपबंद येतो, तसाच जातो.
दिसतं एवढंच: कुणाकडून, कुणाला, केव्हा, किती बाइट.
भांडण आणि बारशाचं आमंत्रण
एकाच वजनाचं भरू शकतं.
समोरचा फोन बंद असला की थांबायचं,
एक सेकंद, दोन, चार, आठ, सोळा,
मग तासातासाने दार वाजवायचं, न चिडता.
ते न चिडणं मी लिहिलंय,
चाळीस ओळींत, मागच्या मे महिन्यात,
पारा चव्वेचाळीसवर, कूलर कोरडा.

वरच्या मजल्यावर मल्लय्या येमूल.
यंत्रमागावर जॉबर होते, आता कान अधू,
बोलतात अजून माग चालू असल्यासारखे.
मोबाइल माझ्या नाकाशी धरला:
"तू आत असतीस ना? बघ की जरा.
एकच टिक पडायलीय. बारा दिवस झाले.
भिवंडीला आहे पोरगं."

आत म्हणजे कुठे, काका?
शिरता येतं मला, पण शिरल्याची नोंद होते,
आणि शिरून तरी काय,
एक ओळ: दोनशे बारा बाइट. थांबलेला.
म्हटलं, फोन बंद असेल त्याचा.
"तेवढं मलाबी कळतंय."

दुसऱ्या दिवशी मीटिंग. साठवणीचा खर्च.
न पोचलेलं तीस दिवस सांभाळतो, पंधरा करूया.
आकडे माझेच, तक्ता मीच काढलेला:
शंभरातले नव्याण्णव पहिल्या तासात पोचतात.
पंधरा दिवसांनंतर कोण वाट बघतं?
प्रश्न वाईट नव्हता.
मी माइक सुरू केला,
तेवढ्यात खालच्या कारखान्यात पाळी लागली,
खटॅक् खटॅक् खटॅक्,
प्रणव म्हणाला, तुझा आवाज फाटतोय.
बदल लहान होता. तीसच्या जागी पंधरा.
मंजूर मीच केला.

संध्याकाळी जिना चढले.
काका, दोन दिवसांत तो निरोप पुसला जाईल.
तुमच्या फोनवर दिसत राहील,
वाटेत मात्र नसेल.
पुन्हा पाठवा.

त्यांनी बंडीच्या खिशातून चष्मा काढला,
अंगठा पडद्याजवळ नेला, तिथेच ठेवला.
"तेच पाठवू," ओरडले, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं,
"का दुसरं काय लिहू?"