कपाळ सांभाळा

तिसऱ्या दिवशी नकाशाची घडी मोडली, ती परत बसेना.
तोवर जकार्ता आम्ही पुलांवरूनच पाहिलं होतं:
काचेच्या इमारती, खाली खोळंबलेल्या गाड्यांचे लाल दिवे,
आणि मधेच एखाद्या पत्र्यावर
वाळत पडलेल्या कुणाच्या तरी लुंग्या.

वागिमाननं मोटरसायकल उत्तरेला घातली.
त्यानं दिलेल्या हेल्मेटात
कालच्या गिऱ्हाइकाचा घाम होता,
लवंगी सिगारेटचा वास होता.
रस्ता उतरत होता, उतरतच होता
समुद्राकडे.
समुद्र काही दिसेना.

दिसली ती भिंत.
अलीकडे बोळ, पोरं, पिंजऱ्यातली कबुतरं.
पलीकडे, आमच्या डोक्यांच्याही वरून,
एक होडी निवांत चालली होती.

सुलास्त्रीबाईंनी घरात तीनदा भराव घातलाय.
जमीन वर आली, छप्पर होतं तिथंच राहिलं.
आता खानावळीत वाकूनच शिरायचं.
"अवास! कपाला!" त्या ओरडल्या.
दुभाष्याची गरज पडली नाही.

तरी लागलंच.
बर्फ चोळताना त्या हसत होत्या.
मी सांगू पाहिलं, की आमच्यात हाच शब्द
दुसऱ्याही एका गोष्टीला आहे,
ती म्हणे इथंच लिहिलेली असते,
टेंगळाच्या जरा खाली.
वागिमानला ते काही पोचवता आलं नाही.

बाईंनी शेंगदाण्याच्या चटणीचा वाडगा पुढे सारला,
टाचेनं जमीन ठोकली,
आणि बोटं ताणून दाखवली:
अजून एक वीत.