एककाच्या रकान्यात

केम्ची बंदरात, फेरीच्या उतारावर,
एका खिडकीचं माझं ऑफिस.
खाली पाणी दिवसातून दोनदा सहा-सहा मीटर चढतं, उतरतं
आणि होड्या तासन्‌तास चिखलात कुशीवर पडून राहतात.

माझं काम आकड्यांचं.
खाडीतला पिवळा बोया दर दहा मिनिटांनी बोलतो,
तापमान, खारटपणा, प्राणवायू,
आणि मी प्रत्येक आकड्याच्या कपाळी खूण लावते.
एक म्हणजे खरा. तीन म्हणजे संशय. चार म्हणजे टाकाऊ.
टाकाऊ आकडाही पुसायचा नाही, हा पहिला नियम:
खूण करायची,
आणि त्याला पंगतीतून न उठवता
त्याच्या पाटावर बसू द्यायचं.

फेब्रुवारीतली रात्र. तीन वाजून दहा मिनिटं.
पंधरा मीटर खाली प्राणवायू सातावरून थेट एक पूर्णांक चारवर.
यंत्राने चार लावला.
सकाळी कॉफी ढवळताना मीही मान हलवली:
सेन्सरवर शेवाळ धरलं असेल,
रोसामेल जाईल ब्रश घेऊन
मंगळवारी, हवा बरी असली तर.

मंगळवारी आली एडेलमिरा नाउएल्किन,
पावाच्या पिशवीत गुंडाळलेली वही काखेत धरून.
म्हणाली, त्या रात्री खेकडे दोर चढून वर आले होते,
पाण्याबाहेर, एकमेकांच्या पाठीवर पाय देत.
तुमच्या यंत्राला दिसलं नाही?

दिसलं होतं.

तिच्या दोरांची खालची टोकं, शिंपले तोंड वासून.
कळलं असतं तर चार हात वर ओढले असते, म्हणाली,
आणि रागावली नाही.
रागावली असती तर बरं झालं असतं.

सव्वीस वर्षांची वही. एकही आकडा नाही.
“पाणी बोचरं.”
“पाणी दुधासारखं, पिलार आजारी, आज गेले नाही.”
“पाणी जड. वल्हं ओढवेना.”
आणि त्या रात्रीच्या पानावर, पेन्सिल दाबून:
“पाणी आजारी.”

मी तीनदहाच्या कपाळावरचा चार काढला, एक लावला.
कोणी, कधी, का बदलला, तेही लिहिलं,
माझ्या नावासकट.
मग तिची वही उतरवायला बसले
तर तक्ता अडून बसला: एककाशिवाय नोंद घेत नाही.
अख्खी दुपार गेली.
शेवटी लिहिलं,
एकक: एडेलमिराचा हात.
सान्तियागोहून दोनदा परत आलं.
तिसऱ्यांदा कोणीतरी मंजूर केलं,
समजून की कंटाळून, विचारलं नाही.

खाडीच्या तोंडाशी सॅल्मनवाल्या कंपनीचे पिंजरे आहेत,
त्यांचे स्वतःचे सात बोये.
तेच आजारी पाणी त्यांच्याकडून दोन तास आधी गेलं असणार,
तेव्हा एडेलमिरा झोपलेली होती, दोर तसेच होते.
मी पत्र पाठवलं. उत्तर आलं, नम्र, शिक्क्याचं:
ही मोजमापं आमच्या मालकीची आहेत.
पाण्याबद्दल काही लिहिलं नव्हतं.

आता रोज सकाळी सहाला
मी उतारावरच्या फळ्यावर खडूने तीन रकाने भरते.
बोयाचा. एडेलमिराचा.
तिसरा कंपनीचा, त्यात रोज उणे नऊशे नव्व्याण्णव,
आमच्याकडे “नोंद मिळाली नाही” असं लिहायची ही रीत.
शिंपलेवाले फेरीची वाट बघत वाचतात,
कोणी कोणी फोटो काढून पलीकडच्या बेटावर धाडतं.

एडेलमिराने परवा त्या आकड्यावर बोट ठेवलं.
इतकं थंड?
नाही, म्हटलं, थंड नाही,
आणि समजावलं.
ती थोडा वेळ बघत राहिली,
मग पिशवीतून वही काढून
उभ्या उभ्याच लिहिलं:
“शेजारी घरात आहे. दिवा लागलेला. दार उघडत नाही.”

आणि मला विचारलं,
याला कुठली खूण लावशील?

फेरीचा भोंगा झाला. माझ्या हातात खडू होता.