फेस

साडेनऊला साबाजी आरोंदेकर येतो, हातात बाटली,
खोबरेल तेलाची जुनी, लेबल अर्धं खरवडलेलं.
मी म्हणते, आमच्या डबीत आणायचं होतं ना.
'तुझी डबी? ती पोरांच्या भातुकलीतली गो.'
पुन्हा डबी देते. पुन्हा पाठवते.
शिरोड्याच्या दवाखान्यात शिपाई नाही, घाई नाही,
फक्त मागच्या दाराशी माडाची सावली सरकते.

दाब एकशे ऐंशी, खाली एकशे दहा.
दुखत काहीच नाही.
हेच त्याचं म्हणणं, आणि हेच माझं भय.

पट्टी बुडवते. साठ सेकंद.
पिवळ्याची हिरवी होते.
हिरवा रंग मला आवडायचा, नोकरीला लागेपर्यंत.

समुद्राचा फेस वाळूवर येतो आणि विरतो.
डबीतला विरत नाही.
मी टकटक करते काचेवर उगाच,
तो तसाच, काठाला धरून.

त्याला कसं सांगू? रापणीचं सांगते.
मोठी मासळी जाळ्यात राहायला हवी, साबाजी.
आसांतून निसटतं ते बारकं,
पेडवे, तारल्या, मुडदुशा,
ते वेचायला बायका बसलेल्या असतात आत,
दिवसाला कित्येक घागरी पाणी उपसून
एकेक दाणा परत टोपलीत टाकणाऱ्या.
अमिनो आम्लं म्हणतात त्या बारक्या मासळीला.
तुझ्या दाबानं जाळंच फाटलंय.
आता मोठी मासळीही जाते,
आणि बायका थकल्यात.

तो ऐकतो. मग म्हणतो,
'मीठ मी सोडीन गो, पण ता माका सोडतला काय?'
चाळीस वर्षं उघाडीची फळी वर-खाली केलेले हात,
टाचेच्या भेगांत अजून पांढरं.

ओरोसच्या प्रशिक्षणात एक डॉक्टर सांगत होते,
मूत्रपिंड नुसतं गाळत नाही, घडवतंही.
सिट्रुलिनपासून आर्जिनिन,
आणि आर्जिनिनपासून तो एक वायू
ज्यामुळे नसा सैल पडतात,
दिवसभर ताणलेला दोर
घाटावर सोडावा तशा.
सिट्रुलिन कलिंगडात असतं, हसत म्हणाले.
मला मळेवाडची शेतं आठवली,
भात निघाल्यावर त्याच मातीत पसरलेले वेल,
पहाटे पाणी घालणारी माणसं.
वहीत मी 'कलिंगड' लिहिलं,
दोन रेघा मारल्या खाली.

मग साबाजीचा पोटॅशियम आला. पाच पूर्णांक आठ.
डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: कलिंगड बंद, शहाळं बंद,
सुका बांगडा बंद, लोणचं बंद, जेवणात वरून मीठ बंद.
'मग उरला काय?' त्याने विचारलं,
रागाने नाही, हिशोबाने.
मला पेज म्हणायचं होतं. म्हटलं नाही.
पेजेतही तो मीठच घालत असणार.

निघताना त्याने खिशातून पुडी काढली,
वर्तमानपत्राची, दोऱ्याने बांधलेली.
'पयल्या वाफ्यातला. माका बंद केल्यानी, तुका नाय.'
मी नको म्हणण्याआधी तो पायऱ्या उतरला,
हळूहळू, एका हाताने गज धरून,
घोटे सुजलेले, चपलेचा पट्टा मोकळा.

पुडी वहीवर राहिली.
दुपारी हवा चिकट झाली,
मिठाने तिच्यातलं पाणी ओढून घेतलं,
कागद ओला, कागदाखालचं पान ओलं.
साबाजीच्या नावापुढे मी दोन अधिक लिहिले होते,
निळ्या शाईने.
एक फुगून दुसऱ्याला टेकला होता.