पानावरचा अंगठा

वाल्देमारने फॉल रिव्हरहून पान पाठवलं.
इथे रात्रीचा दीड, त्याच्याकडे साडेनऊ,
जेवण उरकलं की तो रोज पूर्वजांकडे वळतो.
"आत्या, बघ. सापडला."

आधी चष्मा शोधला, मग चष्मा शोधायला दिवा.
टुना मासा डब्यात भरण्यात गेली माझी चाळीस वर्षं;
डब्यावरची तारीख तेवढी अंधारातही वाचता येते.
दोन बोटांनी पान मोठं केलं.
शाई गंजासारखी.
कडेला किड्याने खात नेलेली वाट.

घरात सांगायचे, पणजोबा जनुआरियु
देवमासे मारणाऱ्या कुणा कप्तानाचा मुलगा.
कप्तानाचं जहाज दर पिढीत थोडं लांब व्हायचं.
वडिलांच्या वेळेपर्यंत त्याला तीन डोलकाठ्या होत्या.

पानावर जहाज नव्हतं.
अठराशे एक्कावन्न, ऑक्टोबर, रात्री अकराचा सुमार,
चक्राची घंटा वाजली.
मुलगा. अंदाजे तीन दिवसांचा. लाल फलाणीचं फडकं,
गळ्यात दोऱ्याला बदाम सत्तीचा अर्धा पत्ता.

चक्र म्हणजे भिंतीतलं लाकडी पिंप.
बाहेरून ठेवायचं, फिरवायचं, दोर ओढायचा,
आणि आतून कुणी यायच्या आत
गल्लीचं वळण गाठायचं.

ते पान आमच्याआधी यंत्राने वाचलं होतं.
'एश्पोश्तु', म्हणजे टाकलेलं मूल.
यंत्राला ते बापाचं नाव वाटलं.
त्याने ते बापाच्या रकान्यात भरलं,
आणि असं पानामागून पान करत
बेटांवरच्या सगळ्या टाकलेल्या पोरांना
एकच बाप मिळाला:
श्रीयुत एश्पोश्तु, धंदा अज्ञात,
मुलं नऊशे बारा.
वाल्देमारच्या झाडाला एका रात्रीत एवढ्या फांद्या फुटल्या
की स्क्रीनच अडकला.
फोनवर तो हसत होता. मग हसेना.
"काढून टाकू त्याला?"
म्हटलं, राहू दे थोडे दिवस.

पण शेवटची ओळ पुरी होत नव्हती.
'दूध पाजण्यासाठी सोपवलं', आणि पुढे
अंगठा.
गुलाबी रबरी टोपी घातलेला,
पान सपाट धरून ठेवणारा.
कितीही मोठा केला तरी अंगठाच.

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
आमच्या पिकु बेटावर नदीच नाही.
पाऊस काळ्या लाव्ह्यात जिरतो
आणि किनाऱ्यावरच्या विहिरींत
थोडा खारट होऊन वर येतो.

सकाळच्या बोटीने ओर्ताला गेले.
दप्तरखान्यातल्या ग्रासिएतने वही आणून
उशीवर टेकवली.
मी फोन पुढे केला. ती बघतच राहिली.
"हा अंगठा माझा.
दोन हजार नऊ. दिवसाला सहाशे पानं,
शुक्रवारी कॅमेरा परत द्यायचा होता."
ओशाळली बिचारी.
जनुआरियुला सही येत नव्हती, मी म्हटलं,
लग्नाच्या नोंदीत नुसती फुली आहे.
आमच्या घराण्याचा अंगठा तू उठवलास.

मग तिने पान उलटलं,
मला मात्र वाटलं, अंगठा उचलला.

'क्रियासाँव व्हेल्याची रोझेंदा, विधवा.'
खाली तिचा पगार, दर महिन्याचा,
चौदा वेळा.
पंधराव्याला शाई वेगळी, हात वेगळा:
'पैसे नाकारले. मूल ठेवून घेतलं.'

क्रियासाँव व्हेल्या माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं.
रोज तिथूनच तर पाव आणते.

रात्री वाल्देमारला सांगितलं.
"नातं निवडायला सांगतंय, आत्या.
आई, सावत्र आई, पालक, इतर.
दूध पाजणारी असा रकाना नाही."
थांब, म्हटलं, रकान्याचं मग बघू.
आधी नाव नीट लिही.
रोझेंदा.
स्वतःच्या हाताने लिही,
यंत्रावर सोडलंस तर
तिचं भलतंच काही होईल.