ळ कमी पडायचा

हरभट रोडच्या आत, पिठाच्या गिरणीमागे
आमचा ट्रेडल छापखाना.
लग्नपत्रिका, हळदीच्या अडत्यांची पावतीबुकं,
आणि महिन्याच्या सतरा तारखेला
आवटी सरांचं 'पुढची खेळी'.
सोळा पानं. दोनशे बारा वर्गणीदार,
त्यातले पैसे भरलेले किती, ते विचारू नका.

मी इलाही. मिरजेहून सायकलवर यायचो.
बुद्धिबळ मला येत नव्हतं,
उलटं वाचता यायचं.
शिशाचे घोडे, उंट, हत्ती,
पांढऱ्या घरातले वेगळे, काळ्या घरातले वेगळे;
एका घोड्याचा कान तुटलेला,
छापला की गाढव दिसायचा.
वाचक तक्रार लिहायचे. सर ती छापायचे.

खरी अडचण ळ ची.
खेळ, खेळी, काळा, वेळ, बळ,
शिवाय मागच्या पानावर हळद.
बाराव्या पानाशी खण रिकामा.
"सर, ळ संपला," मी ओरडायचो,
आणि सर जागचे न उठता
वाक्य फिरवायचे.
'खेळ' चा 'डाव' व्हायचा,
'सकाळी' चं 'उजाडता'.
सरांची भाषा किती साधी, लोक म्हणायचे.
निम्मं श्रेय माझ्या खणाचं.

शाळेत भूगोल शिकवायचे.
पुण्याला एकदा तिसरे आले होते, ते सांगायचे नाहीत.
हरलेल्या डावांवर मात्र दोन-दोन पानं.

इंग्लंडात लुईस नावाच्या गावी
हॉर्नबी म्हणून एक होता.
तोही खेळायचा, लिहायचा, मासिक काढायचा,
त्याच्याही वर्गणीदारांचं तेच.
अंकाला अंक जायचा,
आणि एका कार्डावर एक खेळी.
चार वर्षं एकच डाव.
मी एकदा सरांना म्हटलं, विचारा त्याला,
तुमच्याकडं कोणतं अक्षर कमी पडतं?
सव्वा महिन्यानं उत्तर आलं,
खेळीच्या खाली, बारीक अक्षरात:
'के'. राजाचाही तोच, घोड्याचाही तोच.
इलाहीला माझा नमस्कार.
ते कार्ड मी दोन दिवस वापरलं,
म्हणजे चहा पिताना समोर ठेवलं.

बत्तिसावी खेळी त्याची होती.
कार्ड आलं ते बहिणीचं.
सरांनी ते चष्मा काढून वाचलं,
मग चष्मा घालून वाचलं,
आणि म्हणाले, पान नऊ मोकळं ठेव.

पान नऊवर तीच मांडणी आली.
खाली एक ओळ:
पांढऱ्याची खेळी. पांढरा जिंकतो.
पांढरा हॉर्नबी होता.
महिनाभर सरांना ते घर दिसत होतं,
घोडा एफ पाच, आणि सगळं संपलं;
कुणाला बोलले नव्हते.
क्लबातले म्हणाले, अहो, तो गेला,
डाव अपुरा, बरोबरी लिहा की.
सर माझ्याकडं वळून म्हणाले,
"प्रूफ नीट बघ, इलाही.
घोड्याचं घर चुकवू नकोस.
आणि कान तुटलेला घोडा लावू नकोस."

पुढं अकरा अंक निघाले.
शेवटच्यात सरांच्या जाण्याचा मजकूर,
क्लबाच्या अध्यक्षांनी लिहून दिलेला.
मी ळ मोजले. लागत होते अकरा,
खणात नऊ.
हाक मारायला मान वर केली,
तर खुर्चीवर कागदाचं रीम ठेवलेलं.

बुद्धिबळ काढता येईना.
काळा, पांढरा, खेळी, यातलं काहीच काढवेना.
मग एक वाक्य सापडलं:
'अवघं शहर हळहळलं'.
त्यात बरोबर दोन.
चिमट्यानं उचलून बाजूला ठेवलं.

सर असते तर
त्यांनीही तेच काढलं असतं.