हलका दगड

सिमेंट एक, पर्लाइट दीड, काथ्याचा भुगा दीड.
पूर्वी पीट घालायचे. आता नाही.
दलदलीला वीतभर पीट साठवायला दोनशे वर्षं लागतात,
मला ते ढवळून संपवायला दोन मिनिटं.
काथ्याची वीट येते लांबून, जिथे नारळ आहेत तिथून.
बादलीत टाकली की पसरत जाते
चार दिवस म्हणून राहायला आलेल्या आत्येसारखी.

पाणी बेतानंच.
मूठभर घ्यायचं, दाबायचं,
गोळा वळला पाहिजे आणि बोटांतून थेंब दोनच.
तिसरा पडला तर पुढच्या गोठणीत तडा.

साचे म्हणजे मासेवाल्या ग्रिफकडचे थर्मोकोलचे खोके.
कितीही धुतले तरी
पहिले आठ दिवस प्रत्येक कुंडीला बांगड्याचा वास येतो.
तळाला बाटल्यांची बुचं, पाणी निथळायला.
दोन दिवस प्लास्टिकमध्ये गुंडाळून.
तिसऱ्या दिवशी नख लावून बघायचं:
उमटलं पाहिजे, रुतता कामा नये.
मग तारेचा ब्रश घेऊन कडा झिजवायच्या,
मेंढ्यांच्या शंभर पिढ्या इथे पाणी पिऊन गेल्यासारख्या.

बाबा खिडकीतून बघत.
एम्लिन प्रॉसर, कोरिसच्या वरच्या खाणीत अडतीस वर्षं.
स्लेटचा ठोकळा ते छिन्नीनं असा सोडवत
की वहीचं पान उलटल्यासारखं वाटे.
"सोंग," एवढंच म्हणत. मग खोकला.
त्या खोकल्यात एक डोंगर होता, बारीक दळलेला.
सिमेंट चाळताना मी मास्क लावते
तो त्यांच्याकडे पाठ करून.

शेवटी ताक. वरून ब्रशनं दोन हात,
म्हणजे शेवाळ धरतं आणि वय दिसतं.
डेअरीतली मारेड विचारते, इतक्या ताकाचं करतेस काय?
स्कोन, मी सांगते.
ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच:
माझं भांडं खरोखरच गाडीत असतं, चादरीखाली.

टावीनच्या बाजारात समुद्राचा वारा
किमतीच्या चिठ्ठ्या उडवतो. मला बरंच वाटतं.
बर्मिंगहॅमची बाई टिचकी मारून विचारते, "खरा दगड?"
"कुंडी खरी आहे," मी म्हणते.
साळिंदरं चटकन जातात.
घुबड तीन वर्षं टेबलावर आहे,
चेहरा जरा सासूबाईंवर गेलाय.

त्या ऑक्टोबरात गेथिनची पाठ धरली
आणि बाबा आले, नुसतं बसायला.
एकाला मधल्या मापाचं कुंड हवं होतं,
उचलायला तो माणूस शोधत होता.
मी "थांबा" म्हणेपर्यंत बाबा उठले.
दगडापुढे वाकतात तसे वाकले:
आधी गुडघे, मग श्वास कोंडून, जबडा आवळून,
आणि ते इतकं सहज वर आलं
की तेच दोन पावलं मागे गेले.

उभे राहिले तसेच, छातीशी धरून.
"अगं," म्हणाले, "हा तर..."
पुढे काही नाही.
गाडीपर्यंत वीस पावलं. मी मोजली.
मधे कुठे टेकले नाहीत.

परत आले, खुर्चीत बसले, बराच वेळ खोकले.
मग पुढच्या गिऱ्हाइकाला
माझ्या आधी किंमत सांगून मोकळे झाले,
माझ्यापेक्षा पाच पौंडांनी जास्त.
त्यानं दिली.

त्यांच्या नावाची पाटी स्लेटचीच आहे.
दुसरं काही चाललं नसतं.
शेजारी घुबड ठेवलंय.
अजून शेवाळ धरलेलं नाही.
ताक कमी पडलं असेल,
किंवा त्या बाजूला ऊन जास्त.