कॅनल, कॅनॉल

दांडिया बाजारात लाकडी जिना चढून आमचा दवाखाना.
दाराशी टेबल, टेबलाशी मी,
फोन, वही, पावतीपुस्तक,
आणि दिवसातून निदान सहा वेळा तोच प्रश्न:
बेन, रूट कॅनल एटले शुं?

डॉक्टर अमीन सांगतात ते वेगळं,
लोकांच्या तोंडी फिरतं ते वेगळं.
मंगळबाजारातली बांगडीवाली म्हणते, नस खेचली.
खोपकर सर म्हणतात आरसीटी,
जणू खात्याची परीक्षा पास झाले.
कुणी म्हणतं दाढ मारली.
कुणी लग्नाला न जाण्याचं कारण सांगतं,
नाही हो जमणार, कॅनल चालू आहे माझं,
घरात रंगकाम चालू असावं तसं.

मी एक उत्तर पाठ करून ठेवलंय:
दाढेच्या मुळात केसाएवढी वाट असते,
तिच्यात जीव असतो, तो सडला की ठणकतो.
तो काढायचा, वाट धुवायची, बुजवायची.
दाढ राहते, दुखणं जातं.
कॅपचे पैसे वेगळे.

जगदाळेकाकांनी गालाला रुमाल लावून
माझं उत्तर शेवटपर्यंत ऐकलं.
मग म्हणाले, पोरी,
बावीस वर्षं कॅनॉलवर ओव्हरसियर होतो मी.
बुजवतात त्याला कॅनॉल म्हणत नाहीत.
आणि कॅप म्हणजे टोपी ना?
मग सरळ सांगा की, टोपी घालणार आहात.

आत डॉक्टर हसल्या ते बाहेर ऐकू आलं.

दुसऱ्या खेपेला,
इंजेक्शननं ओठ लोंबत असताना,
अर्धे शब्द हनुवटीवर सांडत
ते मलाच सांगत बसले. मी विचारलं नव्हतं.
पादऱ्याकडे बहिणीची पेरूची वाडी.
नकाशातली रेघ वरून आली होती,
पण जमिनीवर चुना टाकला तो मी.
अकरा झाडं.
दाताच्या कण्या केल्या हो तिनं,
दादा, हातभर सरकव.
कॅनॉल हातभर सरकत नसतो.
पाणी आलं, शेजारच्यांच्या केळी झाल्या,
तिनं दात धरला तो धरलाच.
एकोणतीस वर्षं.

शब्दांची मुळं शोधायला मी काही शिकलेली नाही.
कालवा आणि कालवाकालव
यांचं एकमेकांशी नातं असेल, नसेलही.
पण वहीत ‘जगदाळे, दुसरी बैठक’ लिहिताना
पेन जरा वेळ तिथंच राहिलं.
मग फोन वाजला.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं,
थंड पाणी लागतं?
काकांनी घोट डावीकडे घोळवला, उजवीकडे घोळवला,
बेसिनमध्ये टाकला.
नाही. काहीच लागत नाही.
सांगताना खूश काही दिसले नाहीत.
माझ्यापाशी नोटा मोजता मोजता म्हणाले,
म्हणजे मेलेली आहे, पण चावते.
मी म्हटलं, हो काका.
असं बोलायचं नसतं पेशंटशी,
पण ते खरं होतं.
जिन्यात तीन पायऱ्या उतरून थांबले.
तिचीही ठणकत असेल आता, म्हणाले,
आमचे सगळ्यांचे दात आईवर गेलेत.

चौथ्या शुक्रवारी एक बाई आल्या,
पादऱ्याच्या बसची धूळ पदरावर,
पिशवीत काहीतरी गोल गोल, वासावरून पेरू.
सुगंधा मोहिते. खालची डावी दाढ.
‘कोणाकडून आलात’ हा आमचा शेवटचा रकाना,
तिथं त्या बराच वेळ गप्प राहिल्या.
पंख्याकडे बघितलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

लिही, म्हणाल्या,
कॅनॉलवाला.